पंप घेऊनही धावताना घसा आवळतो – दमाच आहे का?

मैदानमास्तर
शाळेच्या संघातली १४ वर्षांची मुलगी. ८०० मीटरच्या शेवटच्या २०० मीटरला घसा आवळतो, श्वासाचा मोठा आवाज येतो. थांबली की तीन-चार मिनिटांत मोकळी. दम्याचा पंप चालू आहे, धावण्याआधी दोन फवारे घेते. महिना झाला, फरक शून्य. पंप बदलायला सांगू का?

श्वासनलिका
सर, आधी आवाज कधी येतो ते ऐका. व्यायामाच्या दम्यात त्रास बहुधा थांबल्यानंतर वाढतो, ५ ते २० मिनिटांत शिगेला जातो, ओसरायला अर्धा-एक तास लागतो. शिट्टी वाजते ती श्वास सोडताना. तुमचं वर्णन उलटं आहे: ऐन वेगात, घशाशी, थांबताच कमी. आवाज श्वास आत घेताना येत असेल तर संशय स्वरयंत्रावर. जोरात श्वास ओढताना ते उघडं राहायला हवं, काही मुलांत नेमकं तेव्हाच अरुंद होतं. पंपातलं सालब्युटामॉल फुप्फुसातल्या नळ्यांचे स्नायू सैल करतं, स्वरयंत्राला त्याचा उपयोग नाही. मात्र दोन्ही एकत्रही असतात, म्हणून पंप मनाने बंद करू नका.

पुढच्या वेळी मोबाइलवर आवाजासह चित्रण करा. थांबल्यावर तपासलं तर सगळं ठीकच दिसतं.

फुंकमाप
पीक फ्लो मीटर (जोरात फुंकल्यावर हवेचा वेग मोजणारं छोटं यंत्र) मिळालं तर धावण्याआधी तीनदा फुंकायला सांगा, सर्वांत मोठा आकडा लिहा. ६ ते ८ मिनिटं जोरात धावल्यावर ५, १०, १५ आणि ३० मिनिटांनी पुन्हा. १५ टक्के किंवा जास्त घसरण म्हणजे दम्याकडे बोट. पंप हाताशी हवाच. त्या दिवशी धावण्याआधीचे फवारे टाळायचे का, ते डॉक्टर ठरवतील. पक्कं निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या तपासणीने. स्वरयंत्रासाठी व्यायाम चालू असताना नाकातून दुर्बीण घालून.

आणि फवारे घेते कसे? हलवला नाही, दोन्ही एकदम दाबले, तर औषध घशातच. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून एकेक फवारा, धावण्याच्या सुमारे १५ मिनिटं आधी.

श्वासनलिका
स्वरयंत्रच निघालं तर स्पीच थेरपिस्ट श्वासाची पद्धत शिकवतात, औषध सहसा लागत नाही. एक मात्र वेगळं: धावताना चक्कर येऊन पडली, छातीत दुखलं किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मैदान बंद आणि आधी हृदयाचा ईसीजी व इको.

मैदानमास्तर
आवाज आत घेतानाच येतो. शनिवारी चित्रण करतो.