एएमसी पेसर घ्यावी की नाही? पाहणी करताना कशाला महत्त्व द्यावे?

प्रश्न

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि अमेरिकन मोटर्सची (एएमसी) पेसर ही जुनी गाडी घेण्याचा गांभीर्याने विचार करीत आहे. एका विक्रेत्याकडे हॅचबॅक प्रकारची गाडी असून तो साडेआठ हजार डॉलर मागतो. इंजिन २५८ घन इंचांचे, सहा सिलिंडरचे आहे आणि गिअर ऑटोमॅटिक आहेत. इंजिन किल्ली फिरवताच सुरू होते व एकसारखे चालते. मात्र मागच्या बाजूच्या एका मोठ्या काचेच्या कडेला टवका उडालेला आहे आणि दाराखालच्या पट्टीवरील रंग एका ठिकाणी फुगलेला दिसतो. विक्रेता गाडी १९७५ ची असल्याचे सांगतो, जाहिरातीत मात्र १९७६ असे छापले आहे. मला ती रोजच्या वापरासाठी नको, परंतु सुट्टीच्या दिवशी निर्धास्तपणे बाहेर काढता आली पाहिजे. इंजिन उत्तम आहे एवढ्यावर ती घेणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

माझ्या मते पेसरच्या बाबतीत इंजिन ही सर्वांत कमी काळजीची बाब आहे, आणि नेमके तेच पाहून बहुतेक लोक गाडी पसंत करतात. ही गाडी मुळात जनरल मोटर्सच्या व्हँकेल रोटरी (वरखाली होणाऱ्या दट्ट्यांऐवजी फिरत्या भागावर चालणाऱ्या) इंजिनासाठी आखली होती; परंतु १९७४ मध्ये जनरल मोटर्सने ते इंजिन बाजूला ठेवले आणि अमेरिकन मोटर्सला स्वतःचे सरळ रांगेतील सहा सिलिंडरचे इंजिन तिच्यात बसवावे लागले. १९६४ पासून चालत आलेले हे ओतीव लोखंडी घराणे पुढे जीपमध्ये २००६ पर्यंत टिकले, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि त्याची नस ओळखणारे मेकॅनिक दोन्ही मिळतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही क्रायस्लर कंपनीचा, टॉर्कफ्लाइट नावाचाच आहे. अडचण आहे ती जागेची. इंजिन लांब आणि बॉनेट आखूड असल्यामुळे मागचे सिलिंडर विंडशील्डखालच्या पत्र्याच्या आत गेलेले असतात. म्हणून बॉनेट उघडून अगदी मागचा स्पार्क प्लग पाहा: पुढचे प्लग नवे आणि तो एकटाच जुनाट असेल, तर गाडीची देखभाल कोणत्या वृत्तीने झाली ते लगेच कळेल.

खरा प्रश्न काचांचा आहे. गाडीच्या बाह्य पृष्ठभागाचा सुमारे ३७ टक्के भाग काचेचा आहे, आणि बाजूच्या व मागच्या त्या वक्र काचा दुसऱ्या कोणत्याही गाडीच्या बसत नाहीत. विंडशील्ड एकमेकांना चिकटवलेल्या काचेच्या थरांची असल्याने तिच्यावरचा लहानसा टवका भरता येतो. बाजूची काच कडक केलेली असते, ती दुरुस्त होत नाही आणि कडेला मार बसला असेल तर एखाद्या दिवशी अकस्मात चुरा होऊन खाली येते. तुम्ही वर्णन केलेला टवका मी किरकोळ मानणार नाही. बदली काच आधी कुठून मिळते ते पाहावे आणि तिची किंमत मागणीतून वजा करूनच बोलणी करावीत.

फुगलेल्या रंगाच्या बाबतीत पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पट्टीवरून फिरवा. ते जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी (खड्डे बुजवण्याचा लगदा) भरलेली आहे असे समजावे. चटई उचलून तळाचा पत्राही अवश्य बघा, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा आहे.

प्रतिसाद २

वर्षाचा घोळ आधी सोडवा. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराच्या प्रदूषणाच्या) तपासणीतून सूट आहे, १९७६ पासूनच्या गाड्यांना नाही. एका वर्षाच्या फरकाने तुमच्यामागे दर दोन वर्षांनी तपासणी लागते किंवा लागत नाही. या तपासणीत धूर मोजतातच, शिवाय प्रदूषण रोखणारी मूळ उपकरणे जागेवर आहेत की नाहीत हेही पाहतात, आणि कुणी ती काढून टाकलेली असतील तर पुन्हा जमवताना जीव मेटाकुटीला येतो. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. गाडीचा कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक (व्हीआयएन) वाचा. अमेरिकन मोटर्सच्या त्या काळातील क्रमांकात सुरुवातीच्या ‘ए’ अक्षरानंतरचा आकडा मॉडेलचे वर्ष सांगतो: ५ असेल तर १९७५, ६ असेल तर १९७६. स्मॉगचे वैध प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी विक्रेत्याची असते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद ३

दारांविषयी एक भर घालतो. उजवे दार डाव्यापेक्षा चार इंच लांब आहे, मागच्या आसनावर पदपथाच्या बाजूने चढता यावे म्हणून. लांबी आणि काच यांमुळे ते जड होते आणि बिजागऱ्या झिजतात. दार अर्धे उघडून टोकाकडून वर उचला. जाणवण्याइतके हलले तर बिजागरीचे काम निघालेच.

शिवाय गाडी छोटी म्हणवली जात असली तरी तिची रुंदी ७७ इंच आहे, म्हणजे त्या काळच्या मोठ्या गाड्यांइतकी, आणि पेट्रोलही ती त्याच बेताने पिते. हे ठाऊक असूनही ती आवडत असेल तर ती तुमच्यासाठीच आहे, कारण चारही बाजूंनी इतका उजेड आणि इतका मोकळा रस्ता दिसणारी दुसरी गाडी मला माहीत नाही. उन्हाळ्यात मात्र त्याच काचांमुळे आत भट्टी होते, तेव्हा वातानुकूलन चालते का ते उभ्या गाडीत नव्हे तर दुपारी चालवून तपासा.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे गाडी पुन्हा पाहून आलो. क्रमांकातील आकडा ६ आहे. चुंबक फुगलेल्या जागी आणि तिच्यापुढे वीतभर चिकटले नाही. तळाचा पत्रा मात्र कोरडा आणि घट्ट आहे, दारही हलत नाही. विक्रेत्याकडे स्मॉगचे प्रमाणपत्र नाही. ‘तपासणी तुम्हीच करून घ्या, दोनशे डॉलर कमी करतो’ असे तो म्हणतो.

प्रतिसाद १

तळ चांगला असणे ही मोठी जमेची बाजू आहे आणि पट्टी कापून नवा पत्रा जोडता येतो, म्हणून ही गाडी सोडून द्या असे मी म्हणणार नाही. परंतु दोनशे डॉलरचा सौदा स्वीकारू नका. विक्रेत्याने स्वतः तपासणी करून गाडी उत्तीर्ण करून द्यावी, त्यानंतर काच आणि पट्टी यांच्या खर्चाचे लेखी अंदाज समोर ठेवून किंमत ठरवावी. तपासणीला तो तयार नसेल तर बयाणा देऊ नका.