झाहोविचला हाकललं ते बरोबरच होतं म्हणे!

मधली_फळी
काल इथेच एका शहाण्याने "टॅलेंट मातीत घालणारे खेळाडू" अशी यादी टाकली आणि स्लोव्हेनियाचा फुटबॉलपटू झ्लात्को झाहोविच याला सातव्या नंबरावर बसवलं. कारण काय, तर "२००२ च्या वर्ल्डकपमधून कोचने घरी पाठवला." रात्रभर डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

मातीत? ८० सामने, ३५ गोल, तेही मिडफिल्डमधून. देश केवढा, तर २० लाख वस्तीचा. आपलं पुणे शहर त्याहून मोठं. युरो २००० मध्ये स्लोव्हेनियाचे एकूण गोल चार, त्यातले तीन याचे. शार्लरॉयला युगोस्लाव्हियाविरुद्ध मिहायलोविचचा पास चोरून याने ३-० केलं. पुढे समोर दहाच जण उरलेले असताना बाकीच्यांनी सहा-सात मिनिटांत तीन गोल खाल्ले, त्याला हा काय करणार? पोर्तुगालच्या पोर्तो क्लबकडून सलग तीन लीग जिंकल्या. ९८-९९ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये ७ गोल, श्येवचेन्को आणि यॉर्कसारख्या गोलवीरांच्या पंगतीत. यादी करणाऱ्याने तेव्हाचा एक तरी सामना पाहिलाय का?

खडूस_पंच
मीच तो शहाणा. सामने पाहिलेत, धन्यवाद.

आकडे मान्य. पण त्या वर्ल्डकपमध्ये कोरियातल्या ग्वांगजूला स्पेनविरुद्ध ६३व्या मिनिटाला बाहेर काढलं म्हणून साहेबांनी कोच कातानेत्सची लायकी काढली. खेळाडू म्हणून तू कोण होतास, तुला घरादारासकट विकत घेईन, इथपर्यंत मजल गेली. ज्याची लायकी काढली तो सॅम्पडोरियाकडून १९९१ ची इटालियन लीग जिंकलेला माणूस. तो बिचारा पत्रकारांसमोर रडला आणि स्पर्धेनंतर पद सोडतो म्हणाला. देशाचा पहिला वर्ल्डकप, तिन्ही सामने हरले. पात्रता फेरीच्या गटात दहा सामन्यांत एकदाही न हरलेली टीम ही!

आणि पोर्तोनंतर ऑलिंपियाकोस क्लबला एक मोसम, वलेन्सिया क्लबला एक मोसम. जिथे जाल तिथे कोचच वाईट कसा निघतो हो?

मडगावकर
आमच्या घरात पोर्तोचा कट्टर वैरी क्लब बेनफिका म्हणजे देवघरात लावायचाच बाकी. आजोबांनी २००१ मध्ये हा येणार म्हटल्यावर आनंदाने अख्ख्या वाड्याला चहा पाजला, आणि मग चार वर्षं टीव्हीसमोर बसून त्यालाच शिव्या दिल्या. कारण अर्धा वेळ हा चालायचा. धावायचं काम बाकीच्यांचं. पण मध्येच असा एक पास टाकायचा की आजोबा उठून उभे राहायचे आणि लगेच खाली बसून म्हणायचे, "बघ, येतं त्याला, पण करत नाही." दोन्ही बाजू बरोबर आहेत, झालं?

पुणे३०
मला यात फक्त गांगुली-चॅपेल दिसतंय. परदेश दौऱ्यात कोच आणि मोठा खेळाडू भिडले, घरातली धुणी बाहेर आली, नुकसान टीमचं. २००७ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बांगलादेशकडून हरलो ते त्याचंच फळ.

दादर_ऑफसाइड
त्या सामन्यात आपल्याकडून सर्वांत जास्त ६६ धावा गांगुलीच्याच होत्या. ज्याला काढला त्यानेच अब्रू राखली.

पुणे३०
किती चेंडूंत, तेही सांगा की.

दादर_ऑफसाइड
बाकीच्यांनी काय दिवे लावले तेही सांगतो मग.

पुणे३०
मुद्दा तो नाहीच. कोचचा शब्द शेवटचा की नाही? २०१७ ला कुंबळेला कोचपद सोडून जावं लागलं, तेव्हा हीच मंडळी गप्प होती.

मधली_फळी
अहो, गांगुलीचा वेगळा धागा काढा! इथे स्लोव्हेनिया चाललंय.

पंचसाहेब, "कोचच वाईट कसा" याचं उत्तर स्वतःच्या अनुभवातून देतो. कॉलेजात मला कोचने विसाव्या मिनिटाला बाहेर काढलं, सगळ्यांसमोर, कारण त्यांच्या भाच्याला खेळवायचं होतं. मी एक शब्द बोललो नाही. आज वीस वर्षं झाली, आंघोळ करताना अजून त्यांना उत्तरं देतो. झाहोविचने तिथल्या तिथे दिलं. चुकलं असेल, पण मला तो माणूस कळतो.

खडूस_पंच
वा! म्हणजे तुमच्या आंघोळीसाठी स्लोव्हेनियाने वर्ल्डकप घालवायचा.

मधली_फळी
याच्याशिवाय ते कोरियाला पोचले असते का? त्याआधी युरो २००० साठीच्या युक्रेनविरुद्धच्या प्ले-ऑफमध्ये मागे पडल्यावर पहिला गोल कोणाचा होता? ती रात्र नसती तर कातानेत्सला २००२ पर्यंत ठेवलं तरी असतं का?

खडूस_पंच
त्याच सामन्यात विजयी गोल अचिमोविचचा, जवळजवळ अर्ध्या मैदानातून. आणि कीव्हच्या बर्फात पावलिनचा. एकट्याची टीम नव्हती ती. याची सवयच ती, संघ जिंकला की मी जिंकवला. २००१ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये वलेन्सियाकडून खेळताना बायर्न म्युनिचचा गोलकीपर ऑलिव्हर कान याने याची पेनल्टी अडवली, ते तुमच्या पोस्टमध्ये कुठे आहे?

मडगावकर
पेनल्टीवरून नका बोलू. वलेन्सियाच्याच कार्बोनी आणि पेलेग्रिनोच्याही ऑलिव्हर कानने अडवल्या. आजोबा पोर्तोच्या माणसाचं कधी चांगलं बोलायचे नाहीत, पण त्या रात्री म्हणाले, "मारायला पुढे तरी आला."

ल्युब्ल्यानात_पोहे
उशिरा आलो. तीन वर्षं इथे राहतोय, शेजारी मारिबोरचा. त्याच्यासमोर हा विषय काढायची सोय नाही. त्याच्या मते हे सगळं राजधानी ल्युब्ल्यानाचं कारस्थान. कातानेत्स ल्युब्ल्यानाचा, झाहोविच मारिबोरचा, यात सगळं आलं. वर ऐकवतो की २००७ पासून तेरा वर्षं याच भांडखोराने मारिबोर क्लबचा कारभार बघितला आणि क्लब दोनदा चॅम्पियन्स लीगच्या गटात गेला, २०१४ ला आणि २०१७ ला. २०१४ ला स्पोर्टिंगविरुद्ध बरोबरीचा गोल मारला तो झाहोविचच्या मुलाने, लुकाने. ते सांगताना शेजाऱ्याचा आवाज चढतो.

मी म्हटलं, कारभारी झाल्यावर याने कोच बदलले असतील की नाही? तो हसला आणि विषय बदलला.

खडूस_पंच
हा हा. हे मात्र मला आवडलं.

बरं, यादीतून काढतो. सातव्या नंबरावर दुसरा शोधतो. पण "हाकललं ते बरोबर" हे वाक्य राहील, त्याला हात लावणार नाही.

मधली_फळी
उपकार झाले. विसाव्या नंबरावर माझ्या कोचचा भाचा टाका.

दादर_ऑफसाइड
ते सगळं ठीक आहे, पण गांगुली-चॅपेल भांडणात बुलावायोला आधी तोंड कोणी उघडलं, ते पुणे३० यांनी अजून सांगितलेलं नाही.