बाराव्या वर्षी पोरगं क्लबच्या अकादमीत पाठवायचं का?

मिरजेचा गोलकीपर

गेल्या महिन्यात आमच्या मैदानावरच्या एका पोराची निवड आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग, देशातली मोठी फुटबॉल स्पर्धा) एका क्लबच्या निवासी अकादमीत झाली. वय बारा, नुकताच सहावी पास. वडील टेम्पो चालवतात, आई शिवणकाम करते. दोघंही विचारतात, "सर, पाठवू का?" मी चौदा वर्षं मिरजेत पोरांना फुटबॉल शिकवतोय आणि माझं मत सरळ आहे. पाठवू नका. निदान दहावी होईपर्यंत तरी नाही.

कारण सांगतो. ट्रायलला मी सोबत गेलो होतो. दोनशेच्या आसपास पोरं, छातीवर टाचणीनं लावलेले कागदी नंबर, सात-सातचा सामना, वीस मिनिटं. आमच्या पोराला चेंडू अकरा वेळा मिळाला, मी मोजला. त्या अकरा वेळांवर त्याची निवड झाली. निवडलेली बहुतेक पोरं उंच, काहींना मिसरूड फुटायला लागलेलं. आमचंही त्यातलंच, जन्म जानेवारीचा. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात तिथं वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं निवडीत जास्त दिसतात, हे जगभर आढळलेलं आहे. बाराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटं उंची आणि दोन पावलांचा वेग. सोळाव्या वर्षी बाकीची पोरं त्याला गाठतात. तोवर ज्यानं सगळं जोरावर निभावलं, त्याच्या हातात मग काय उरतं?

उलटही होतं. पुढं इंग्लंडकडून खेळलेल्या दोघांचं बघा. हॅरी केनला आर्सेनल क्लबनं आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिलं होतं. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबनं सोळाव्या वर्षी. एवढे अनुभवी डोळे चुकतात, तर वीस मिनिटांच्या सामन्यावर घर सोडायचं?

इंग्लंडमध्ये बरीच वर्षं नियमच होता, की लहान पोरगं क्लबपासून तासाभराच्या अंतरावर राहणारं हवं, मोठं असेल तर दीड तासाच्या. २०१२ मध्ये मोठ्या क्लबांसाठी तो सैल केला. पण विचार बघा, पोरानं रात्री घरी जेवावं.

मतं सांगा. त्या आईबापांना रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

कृष्णाकाठचा स्ट्रायकर

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पूर्ण असहमत.

मी सांगलीचा. शिवाजी स्टेडियमवर खेळत मोठा झालो, आता पुण्यात नोकरी करतो. मला अठराव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, की चेंडू पायात यायच्या आधी मान वळवून मागं बघायचं असतं. अठराव्या वर्षी ते शिकवलं तरी अंगात मुरत नाही. दहा ते चौदा या वयात जे पायाला लागतं ते राहतं.

चांगल्या अकादमीत नक्की काय करतात ते बघा. चार-पाच पोरं गोलात, मध्ये एक-दोघं चेंडू हिसकावणारे, एका स्पर्शात पास. याला रोंडो म्हणतात. बघणाऱ्याला पोरखेळ वाटतो, पण त्यात नजर, अंतर, शरीर कुठं वळलंय हे सगळं येतं. मग छोट्या मैदानावर चार-चारचे सामने, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागतो. इंग्लंडमध्ये बारा वर्षांखालच्या गटापर्यंत अकरा-अकराचा सामना खेळवतच नाहीत. आधी पाच, मग सात, मग नऊ. आपल्याकडे दहा वर्षांची पोरं मोठ्या मैदानावर सोडतात. गोलकीपर लांब लाथ मारतो आणि सगळी चेंडूमागं पळतात. सर, तुमच्याकडे तसं होत नाही हे मला माहीत आहे. पण तुमच्या पोरांना सामना खेळायला समोर संघ कुठला मिळतो? वर्षाला किती सामने?

ला मासियात, म्हणजे स्पेनमधल्या बार्सिलोना क्लबच्या अकादमीत, इनिएस्टा बाराव्या वर्षीच गेला, १९९६ मध्ये, शेकडो किलोमीटर लांबच्या छोट्या गावातून. मेस्सी तेराव्या वर्षी. २०१० च्या बॅलन डी'ओरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारात, पहिले तिघं मेस्सी, इनिएस्टा आणि झावी, तिघंही त्याच शाळेचे. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव. लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. कोल्हापुरातच राहिला असता तर पेठेतल्या सामन्यांचा हिरो झाला असता. तेही मोठंच, पण तेवढंच.

लाल माती

माझं वय त्रेसष्ट. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, नातू खेळतो म्हणून वाचतोय. पण पोरगं लांब ठेवून घडवायची गोष्ट आमच्या भागाला नवी नाही. आम्हा दोघा भावांना वडिलांनी दहाव्या-अकराव्या वर्षी तालमीत सोडलं. पहाटे चारला उठणं, हौदा खणणं, जोर-बैठका, दुपारी झोप, संध्याकाळी परत माती. पोरगं घरात राहिलं की पैलवान होत नाही, आई जरा जास्तच माया करते. म्हणून सांगतो, पाठवा.

पण एक बघा. दर शनिवारी वडील सायकलवरून दूध-तूप घेऊन यायचे. वस्ताद त्यांना बसवून घ्यायचे आणि पोराचं काय चाललंय ते तोंडावर सांगायचे. "थोरल्याच्या मानेत जोर आहे, धाकट्याचं मन नाही." धाकटा म्हणजे मी. चौदाव्या वर्षी वस्तादांनी स्वतः मला घरी आणून सोडलं, आईच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाले, "पोरगं चांगलं आहे, शिकवा त्याला." मी शिकलो, एसटीत नोकरी केली, कधी हरल्यासारखं वाटलं नाही. तुमच्या अकादमीत असं घरी आणून सोडणारं कोणी आहे का, एवढं विचारा.

मिरजेचा गोलकीपर

काका, नेमकं बोललात. तालमीतलं आणखी एक फुटबॉलला लाभलेलं नाही. तालमीतलं पोरगं पहिल्याच वर्षी गावोगावच्या जत्रांत रेवडीच्या कुस्तीला उतरतं. मग पन्नासची, मग शंभराची. दर हंगामाला पंधरा-वीसदा मातीत पाठ लागते आणि त्यातून शहाणं होतं. आमची पोरं कोल्हापूरच्या गाडीत बसून शाहू स्टेडियमवर मोठ्यांचे सामने बघून येतात, स्वतः मात्र वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळतात. स्ट्रायकर, तुमचा तो मुद्दा मला मान्य करावाच लागेल.

तरी अडचण आहेच. क्लबच टिकला नाही तर? आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये संपला. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच लांबणीवर टाकला, काही क्लबांनी मुख्य संघाचं कामकाज थांबवलं. वरचा संघच अधांतरी असेल तर खाली बारा वर्षांच्या पोरांच्या जेवणाचं बिल कोण किती दिवस भरेल?

सातारची आई

मी फक्त वाचत होते, पण आता लिहिते.

माझा मुलगा तेराव्या वर्षी एका क्लबच्या अकादमीत गेला. नाव लिहीत नाही. पहिलं वर्ष छान गेलं. फोनवर नुसतं फुटबॉल. मग एका उन्हाळ्यात त्याची उंची भराभर वाढली आणि गुडघ्याखाली दुखायला लागलं. तिथं त्याला पट्टी बांधून खेळवत राहिले. सुट्टीत इथं डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, वाढीच्या वयात पळणाऱ्या मुलांना हे होतं, गुडघ्याखालच्या हाडावर स्नायूचा ताण येतो, खेळ कमी केला तर आपोआप बरं होतं. मुलगा खेळ कमी करायला तयार नव्हता, कारण जागा जाईल. जागा गेलीच. नववीच्या परीक्षेच्या आधी मोबाइलवर संदेश आला, की पुढच्या हंगामासाठी तुमच्या पाल्याचा विचार केलेला नाही. तीन ओळी. खाली सही नाही, बोलायला नंबर नाही.

तो आला तेव्हा मी स्टँडवर गेले होते. काही बोलला नाही. घरी आल्यावर बूट नेहमीच्या मांडणीत ठेवले नाहीत, पलंगाखाली पार भिंतीपर्यंत ढकलले. सहा महिने मी झाडू मारताना ते बूट बाहेर काढून पुसायचे आणि परत तिथंच ठेवायचे.

आता तो बारावीत आहे, बरा आहे, रविवारी खेळतो. पाठवल्याचा मला पश्चात्ताप नाही. तिथं तो स्वतःचे कपडे धुवायला शिकला, मणिपूर-मिझोरमच्या मुलांशी दोस्ती झाली, त्यांच्याशी अजून बोलतो. पण ज्या रात्री तो संदेश आला, त्या रात्री तो अडीचशे किलोमीटरवर एकटा होता. ते मी विसरणार नाही.

कृष्णाकाठचा स्ट्रायकर

ताई, वाचून गप्प झालो. इनिएस्टाचं नाव मी मोठ्या तोऱ्यात घेतलं, पण पहिल्या दिवसांत तोही ढसाढसा रडला होता, हे सांगायचं राहिलं.

तरीही मला वाटतं, दोष अकादमी या कल्पनेचा नाही, सोडून देताना हात झटकण्याचा आहे. इंग्लंडमधल्या क्रिस्टल पॅलेस क्लबनं काही वर्षांपूर्वी जाहीर केलं, की अठरा ते तेवीस वयातल्या सोडलेल्या खेळाडूंना तीन वर्षं मदत करू, शिक्षणाला, नोकरीला, मन सावरायला. तिथंही हे उशिराच सुचलं. आपल्याकडे पालकांनी आधीच मागितलं पाहिजे.

आणि सर, उंचीबद्दल. नेदरलँड्समधल्या आयाक्स क्लबात पूर्वीपासून चार गोष्टी बघतात: तंत्र, समज, व्यक्तिमत्त्व, वेग. उंची त्यात नाही. इंग्लंडमधल्या काही अकादम्यांनी तर जन्मतारीख बाजूला ठेवून शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवले. त्यात आधी वाढलेल्या पोराला पहिल्यांदाच डोकं वापरावं लागतं. चांगलं काम होऊ शकतं. आपल्याकडे मनगटाचा एक्स-रे काढतात, पण वय चोरलंय का ते पकडायला.

कराडची विंगर

असहमत, स्ट्रायकरदादा. घर सोडल्याशिवाय होतच नाही असं तुम्ही म्हणताय. सातारच्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जगज्जेतेपद मिळवलं, सतराव्या वर्षी. साताऱ्यातच सराव करून. चांगला प्रशिक्षक गावात आला तर मुलांना बाहेर जावं लागत नाही. आणि मुलींना तर अकादम्या फारशा बोलावतच नाहीत, आम्ही जायचं कुठं हा प्रश्न या धाग्यात कुणाला पडलाही नाही.

कृष्णाकाठचा स्ट्रायकर

मुलींबद्दल बरोबर, ते लक्षात यायला हवं होतं. पण तिरंदाजीत निशाण पन्नास मीटरवर जागेवर उभं असतं, साताऱ्यात आणि बर्लिनला सारखंच. फुटबॉलमध्ये समोरची अकरा पोरं चांगली असल्याशिवाय तुम्हाला तुमची चूक कळतच नाही.

हिशेबनीस, विश्रामबाग

दोन कामाच्या गोष्टी.

एक. सर, पोरगं गेलं किंवा राहिलं तरी तुमच्या क्लबच्या नावानं त्याची नोंदणी करून ठेवा. फिफाच्या (फुटबॉलची जागतिक संघटना) नियमानुसार खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटतात. बारा ते पंधरामधल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळापासून पुढं अर्धा. म्हणजे तो दोन वर्षं तुमच्याकडे नोंदलेला असेल आणि पुढं एक कोटीला परदेशी गेला, तर तुमचे पन्नास हजार. चौदा वर्षांच्या घामाचे पन्नास हजार कमीच आहेत, पण चेंडू आणि जाळी येईल. नोंदच नसेल तर तेही नाही.

दोन. आपल्या भागात "स्पेनला ट्रायल, इतके लाख भरा" म्हणत फिरणारी माणसं आहेत. अठरा वर्षांखालच्या खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय बदलीला फिफाची मनाई आहे, अपवाद मोजकेच. याच नियमावरून २०१४ मध्ये फिफानं बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी घातली. बार्सिलोनाला जे जमलं नाही ते सांगलीतला एजंट करून देणार नाही. पैसे देऊ नका.

मूळ प्रश्नावर माझं मत: खर्च क्लब करत असेल तर पाठवा, पालकांकडून फी घेत असेल तर नको. फी घेणाऱ्याला पोरगं भरती करण्यात रस असतो, घडवण्यात असेलच असं नाही.

मिरजेचा गोलकीपर

आज रविवार. काय झालं ते सांगतो.

काल अकादमीला फोन लावून चार प्रश्न विचारले. शाळा कुठली आणि वर्गात किती तास? वर्षाला सामने किती? दुखापत झाली तर कोण बघतं आणि घरी कोण कळवतं? काढून टाकायची वेळ आली तर कोण सांगणार आणि कसं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळाली आणि समाधानकारक होती. सामने खरोखरच भरपूर आहेत. तिसऱ्याला सांगितलं, फिजिओ आहेत, ते कळवतात. चौथ्याला पलीकडचा माणूस थोडा थांबला. मग म्हणाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या मुख्य प्रशिक्षकांचा स्वतःहून फोन आला. पालकांना समोर बसवून सांगू म्हणाले. ते मी लिहून मागितलंय, अजून आलेलं नाही.

खर्च क्लबचा आहे. वडील हो-नाही करत होते, निर्णय आईनं घेतला. पोरगं जूनमध्ये जाणार. मला अजूनही दोन वर्षं लवकर वाटतंय आणि ते मी त्यांना सांगितलंय. उद्या दाखल्यासाठी शाळेत जातोय. मुख्याध्यापक म्हणालेत, वर्षभरात परत आला तर तुकडी तीच मिळेल. नोंदणीचं कामही याच आठवड्यात करतो. आणि कराडच्या विंगरताई, आमच्या मैदानावर सध्या सहा मुली येतात, तुमचा संघ असेल तर पुढच्या महिन्यात सामना ठेवू.

कराडची विंगर

नऊ आहोत. येतो.

सातारची आई

सर, त्या आईला माझा नंबर द्या, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. पहिले पंधरा-वीस दिवस रात्री जेवण झाल्यावर मुलांना घरची आठवण येते आणि फोन येतो. तेव्हा आपण रडलो तर दुसऱ्या दिवशी ते फोन करत नाहीत. तो फोन कसा घ्यायचा ते मी तिला सांगेन.