मदत हवी आहे : उत्तर आलं, पण फोड येत नाही (मामाची गूढ शोधसूत्रं)

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. इथे शब्दकोड्यांतले जाणकार बरेच आहेत हे जुने धागे वाचून माहीत आहे, म्हणून विचारतेय.

माझा मामा नारायण पेठेत राहतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून रोज सकाळी सव्वासहाच्या सुमारास तो मला एक शोधसूत्र, म्हणजे शब्दकोड्यातला क्लू, पाठवतो. नोकरीत असताना डबा खाताखाता इंग्रजी क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोडी, सोडवायचा. आता जिना उतरता येत नाही, तर मराठीत स्वतःच रचायला लागलाय. पेपरातल्या साध्या कोड्यात 'सूर्य' म्हटलं की रवी, भानू, मित्र यातलं जे चौकोनात बसेल ते लिहायचं. याच्या सूत्रात मात्र एका टोकाला अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर तयार करायची कृती. कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. मामाचा नियम एकच : फोड, म्हणजे उत्तर सूत्रातून कसं तयार झालं ते, सांगितल्याशिवाय उत्तर धरणार नाही.

हे एक मला जमलं होतं –
नेहमी उलटा वागणारा नोकर (२)
नेहमी म्हणजे सदा, ते उलटं केलं की दास, म्हणजे नोकर. वाचताना डोळ्यांपुढे एक आडमुठा गडी उभा राहतो आणि दहा मिनिटं आपण त्या गड्याच्याच मागे लागतो. सुटलं तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं, पण आनंद एवढा झाला होता की ओटा पुसतानाही तेच पुटपुटत होते.

पुढची तीन अडली आहेत. रविवारी मामाकडे जेवायला जायचंय आणि तोपर्यंत फोड पाठ हवी.

१. नेहमी टाके घाल म्हणते पुण्याची पेठ (४)
सदाशिव, हे उघड आहे. नेहमी म्हणजे सदा हेही कळलं. पण मग महादेव कुठे आहे?

२. नवरा बिथरला की माकड (३)
वानर. 'बिथरला' म्हणजे अक्षरं विस्कटायची. पण मी जुन्या कॅलेंडरच्या पानाचे तीन तुकडे केले, त्यांवर न, व, रा लिहिलं आणि हलवून पाहिलं. वानर होतच नाही! शेवटी कात्रीने 'रा'चा काना कापून 'व'च्या शेजारी ठेवला, तेव्हा झालं. असं चालतं का? मामा म्हणतो चालतं. मला मनातून पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाहीये.

३. यमासह आली तरी प्रसन्न वेळ (३)
माझं उत्तर समय. मामाने फक्त 'नाही' एवढंच उलट पाठवलं. तीन दिवस झाले.

---

पेठकरी

ताई, पहिल्यात महादेव नाहीच. 'शिवणे' धातूचा आज्ञार्थ घ्या : तू शिव. टाके घाल = शिव. मामांनी 'टाके घालणे' न लिहिता 'घाल' लिहिलंय ते मुद्दाम. आज्ञार्थाला आज्ञार्थच बसतो. आम्ही जन्मभर सदाशिव पेठेत राहिलो, सदाशिवरावभाऊंच्या नावाची पेठ म्हणून अभिमानाने सांगतो, पण नावात शिंपी बसलेला कधी दिसला नव्हता. मामांना नमस्कार सांगा.

---

काळा चौकोन

तिसऱ्यात समय का चालत नाही ते सांगतो. उत्तर सांगणार नाही, तो मामा-भाचीचा खेळ आहे.

तुमची फोड अशी असणार : यम उलटा केला की मय, त्याच्या आधी 'स' लावला की समय, अर्थ वेळ. दिसायला अगदी घट्ट बसतं. पण उलटा करा असं सांगणारा शब्द सूत्रात कुठे आहे? दासाच्या वेळी 'उलटा' होता, इथे काहीच नाही. आणि 'प्रसन्न' रिकामा बसलाय. समय प्रसन्नच असतो असं थोडंच आहे? इंग्रजीत झिमेनीस या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६च्या पुस्तकात जी शिस्त मांडली, तिचं सार एवढंच की सूत्रात नेमका अर्थ हवा, प्रामाणिक कृती हवी, आणि याखेरीज काही नको. अर्थ आणि कृती यांना जोडणारा एखादा सांधा चालतो, इथे 'आली तरी' हा तो सांधा आहे. पण 'प्रसन्न' हा सांधा नव्हे. तो अर्थाचा भाग आहे, म्हणजे उत्तर ही कुठलीही वेळ नसून विशिष्ट वेळ आहे.

दोन गोष्टींचा विचार करा. 'सकुटुंब' या शब्दात 'सह' किती अक्षरांत मावलाय? आणि यमाला मराठी माणूस आणखी कोणत्या नावाने भितो?

---

शुद्धलेखन

दुसऱ्या सूत्रात मी मामांच्या बाजूचा आहे.

नवरा : न् + अ + व् + अ + र् + आ.
वानर : व् + आ + न् + अ + र् + अ.
सहाच्या सहा वर्ण तेच. शाळेत आपण शब्दाची फोड अशीच करायला शिकलो. काना म्हणजे 'आ' हा स्वर लिहिण्याची खूण, व्यंजनाचा अवयव नव्हे. इंग्रजी क्रिप्टिकमध्ये स्वर सुटे होऊन कुठेही जातात, मग मराठीत त्यांना बेडी का? उलट वर्ण मोकळे केले तर रचनाकाराला कितीतरी जास्त शब्द मिळतील. अक्षरं जशीच्या तशी ठेवायची म्हटलं तर कमल-कलम असल्या मोजक्या जोड्यांवर भागवावं लागतं.

---

काळा चौकोन

शुद्धलेखन, तुमचं व्याकरण बिनचूक आहे. तरी मला ते सूत्र पटत नाही.

मराठी कोड्यात एका चौकोनात एक अक्षर जातं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरही एकाच चौकोनात. 'पर्वती' तीन चौकोनांत बसते, मधल्यात 'र्व'. आणि मामांनी कंसात लिहिलंय (३). वर्ण मोजायचे होते तर (६) लिहायला हवं होतं! आकडा अक्षरांचा आणि विस्कटणं वर्णांचं, हे दोन मापांनी तोलणं झालं.

आपला कानही अक्षरच धरतो. 'रामाला भाला मारा' हे उलटसुलट सारखं आहे असं पोरंसुद्धा म्हणतात. का? रा-मा-ला-भा-ला-मा-रा. काना ज्याचा त्याच्यापाशीच राहतो. 'ती होडी जाडी होती' तसंच. वर्णांनी उलटं केलं तर यातलं एकही टिकत नाही.

याची इंग्रजीतली उलट बाजू बघा. लंडनच्या ऑब्झर्व्हर या वृत्तपत्रात १९७२ पासून 'अझेड' या नावाने कोडी येत होती. त्याच्या आधीचे रचनाकार टॉर्कमाडा आणि झिमेनीस, दोघांचीही टोपणनावं स्पेनच्या धर्मन्यायाधीशांची. तिसऱ्यानेही तसलाच एक धर्मन्यायाधीश शोधला, देझा, आणि नाव उलटं लिहिलं. त्यांच्या लिपीत देझाचं अझेड होतं. आपल्या लिपीत देझा उलटा केला की 'झादे' होतो. लिपी बदलली की उलटं म्हणजे काय हेच बदलतं. मग इंग्रजीतला विस्कटण्याचा नियम उचलून तसाच का लावायचा?

ताई, तुम्हाला कात्री घ्यावी लागली तिथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. अक्षरं हलवायला कात्री लागू नये.

---

शुद्धलेखन

(३) चा मुद्दा मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण मग ह्रस्व-दीर्घाचं काय, हेही ठरवा. 'चिमा काय कामाची' उलटं वाचलं की शेवटी ह्रस्व चि येते, तरी आपण ते सर्रास चालवतो. मला वाटतं तिथे सूट देऊ नये, उलट त्याचा उपयोग करावा. १९६२च्या नियमांप्रमाणे मराठी शब्दात शेवटच्या अकारान्त अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ, आणि तत्सम शब्द मात्र संस्कृतप्रमाणे. म्हणून सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. बोलताना दोन्ही सारखेच. 'मुलगा ऐकायला धागा (२)' असं सूत्र होऊ शकतं. मराठी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्याने सारख्या उच्चाराचे खेळ आपल्याकडे फार होत नाहीत, हा एक कोपरा आहे.

---

पेठकरी

मामांचं माकड वाया जाऊ नये असं फार वाटतंय. हे बघा :
वा! पुरुष झाला माकड (३)
वा + नर. कात्री नको, काना जागच्या जागी.

---

काळा चौकोन

पेठकरी, फार सुंदर. नवऱ्याचीही सुटका झाली.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री 'सकुटुंब' घोकत झोपले आणि सव्वासहाला फोन वाजला तेव्हा बाहेर बघितलं आणि एकदम कळलं. सकाळ! सह = स, यम = काळ, दोन्ही मिळून प्रसन्न वेळ. तीन दिवस मी 'यम' ही दोन अक्षरंच उलटीपालटी करत बसले होते, त्या जागी दुसरा शब्द घ्यायचा हे सुचलंच नाही. आणि तो रोज जे सकाळी पाठवतो त्याचंच उत्तर सकाळ.

आता आणखी एक मदत. मलाही एक सूत्र रचून रविवारी मामाला द्यायचंय :
एका मळकट पिशवीत फूल (३)
कमळ, शब्दांच्या आत दडलेलं. चालेल का?

---

काळा चौकोन

कल्पना छान आहे, पण नीट बघा. 'एका मळकट' मध्ये का-मळ आहे, कमळ नाही.

मराठीत रचणाऱ्याला हा खड्डा हमखास लागतो. इंग्रजीत शब्दापुढे 'मध्ये' ठेवलं तरी मूळ शब्द जसाच्या तसा राहतो. आपल्याकडे प्रत्यय लागायच्या आधीच शब्दाचं सामान्यरूप होतं आणि त्याच्याबरोबर विशेषणही बदलतं : एक पिशवी, पण एका पिशवीत. तुमच्या मामांनी 'यमासह' बिनधास्त लिहिलं, कारण तिथे यमाची अक्षरं वापरायचीच नव्हती, त्याच्या जागी काळ यायचा होता. पर्यायी शब्द घ्यायचा असेल तर विभक्ती काही बिघडवत नाही. अक्षरंच कच्चा माल असतील तर मात्र शब्द प्रथमेत राहील असं वाक्य बांधावं लागतं. जरा फिरवून बघा.

---

धागाकर्ती

रविवारचा वृत्तान्त.

तिन्ही फोडी सांगितल्या. शिंप्यावर मामा खूश झाला. वानराच्या बाबतीत आधी ऐकेना, 'वर्ण तेच आहेत' म्हणाला. मग मी ते कॅलेंडरचे तुकडे आणि कापलेला काना त्याच्या पुढ्यात ठेवला आणि कंसातला आकडा वाचायला सांगितला. बराच वेळ बघत बसला. म्हणाला, (३) लिहिलंय खरं. पेठकरींचं 'वा! पुरुष झाला माकड' त्याने वहीत उतरवून घेतलं आणि आपलं जुनं सूत्र खोडलं.

जेवणानंतर मी माझं दिलं :
एक मळकट पिशवी, आत फूल (३)

त्याने पेपरच्या कडेला पेन्सिलने तीन चौकोन काढले. पहिल्यात क लिहून थांबला, पुन्हा वाक्य वाचलं, मग मळ लिहिलं. मी हसायला लागले तर हात वर करून म्हणाला, "थांब, फोड राहिली." 'एक'मधल्या क खाली एक रेघ, 'मळकट'मधल्या मळ खाली दुसरी. आणि पेपर तपासायला माझ्याकडे दिला.