मदत हवी आहे: तबल्याचा हात पुढे सरकतच नाहीये, धीर कसा धरायचा?

नमस्कार मंडळी, मी 41 वर्षांची, दोन वर्षं झाली तबला शिकतेय. गांधर्व महाविद्यालयाची प्रारंभिक परीक्षा झाली, आता पुढच्या, प्रवेशिका प्रथमची तयारी चालू आहे पण गाडी अडकलीये. तीनतालाच्या 16 मात्रा बरोबरीत (मूळ लयीत) छान बसतात, दुगुन म्हणजे दुप्पट लय घेतली की तिरकिट या बोलातला शेवटचा ट दबूनच जातो. रोज सकाळी सगळ्यांचे डबे भरून झाले की 40 मिनिटं मेट्रोनोम लावून बसते, दोन महिन्यांत मिनिटाला 60 ठोक्यांवरून जेमतेम 66 वर आलेय. गुरुजी म्हणतात घाई करू नकोस, हात आधी स्वच्छ होऊ दे, आणि ते पटतंही हो, पण मागून आलेली दहा वर्षांची पोरं पुढे गेली की घरी येताना रडूच येतं. सोडायचं अजिबात नाहीये. मोठेपणी वाद्य शिकलेलं कोणी आहे का इथे? असा काळ तुम्ही कसा काढलात, रियाजात काही बदललंत का? प्लीज सांगा.