घरातलं काय कमी केलं, काय परत आणलं? विदर्भातल्या खेड्यांतले अनुभव

सेलू, जि. वर्धा (धागाकर्ता)

सेवाग्राम आमच्यापासून फार लांब नाही. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा झोपडीवर फार खर्च करायचा नाही, सामान आणि कारागीर आसपासचेच घ्यायचे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू, कवेलू म्हणजे कौलं. आजही बापूकुटी पाहायला गाड्या भरून माणसं येतात आणि "किती साधं, किती सुंदर" म्हणतात. आमच्या गावातला माणूस मात्र तिथे फार काही बोलत नाही. त्याच्या आबाजीचं घर तसंच होतं, आणि त्यातून बाहेर पडायला त्याने कर्ज काढलेलं असतं.

म्हणून हा धागा. शहरातल्या माणसाला साधेपणा आवडून घेता येतो. खेड्यात तो बऱ्याचदा नाइलाजाने आलेला असतो, त्यामुळे इथे कोणी काही कमी केलं की शेजारी आधी विचारतात, "काहून, पैसे नाही काय?" तरीही ज्यांनी आपणहून काही कमी केलं, जुनं काही परत आणलं, त्यांनी लिहा. "आजीच्या काळी असं होतं" हे नको, आज तुमच्या घरात काय चालू आहे ते लिहा. आणि त्यामुळे घरात कोणाचं काम वाढलं, कोणाचं कमी झालं, हेही लिहाच.

माझ्यापासून सुरुवात. आमच्याकडे दोन कुलर होते, आता एक आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कुलरच नको म्हणणाऱ्याला मी साधा म्हणणार नाही, हट्टी म्हणेन. पण टिनाच्या छतावर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा थर दिला, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूचा तट्टा लावला आणि दुपारी सगळं घर एकाच खोलीत बसायला लागलं. वीजबिल कमी झालं. भांडणं थोडी वाढली, बोलणंही वाढलं. तुराट्या चुलीच्या धुराड्याजवळ अजिबात नकोत, एवढं सांगून ठेवतो.

दिग्रस, जि. यवतमाळ

दादा, माझा विषय भांड्यांचा. आमच्याकडे भिंतभर फळ्या आणि त्यांवर ओळीने लावलेली स्टीलची भांडी, हीच घराची शोभा. माझ्या आंदणातले गुंड, गंज, कोपर, डब्यांची उतरंड, सासूबाईंची वेगळी, नणंदेच्या लग्नात परत आलेली वेगळी. वापरात दहा-बारा. बाकीची दर दिवाळीला उतरवायची, चिंच-राखेने घासायची, पुसून परत चढवायची. कोणासाठी, हा प्रश्न मला घासता घासताच पडला.

विकायचं म्हटलं तर भंगाराचा भाव, आणि सासूबाईंना ते मानवलं नसतं. मग आमच्या बचत गटात विषय काढला. प्रत्येकीने घरातली जास्तीची ताटं, वाट्या, गडवे आणून दिले आणि गावाचा एक संच झाला. बारसं, तेरवी, साक्षगंध असलं की थोडं भाडं देऊन तो न्यायचा. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, पण गावात ती मिळायची थांबली नव्हती. संच आला तसं त्यांचं प्रमाण खरंच घटलं. कार्यक्रमानंतर नाल्यात जे पांढरं तरंगायचं ते आता कमी दिसतं.

सासूबाई आधी रुसल्या होत्या. मग त्यांच्या भांड्यांवर त्यांचं नाव कोरलेलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आता पंगतीत आपलं ताट कोणासमोर आलं ते त्या बरोबर शोधून काढतात. अडचण एकच: वाट्या मोजून दिल्या तरी मोजून परत येत नाहीत. त्याची वही मीच ठेवते, आणि हो, ते काम वाढलं आहे.

कुरखेडा, जि. गडचिरोली

मी खर्रा सोडला जी. हे साधेपणात बसते का नाही मले माहीत नाही, पण माह्या घरातून सगळ्यात मोठी वस्तू हीच गेली.

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात टाकून पाटीवर घोट-घोट घोटतात, तो खर्रा. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी हाय, पण खर्रा सकाळी दात घासायच्या आधी तोंडात जाते. शेतात रोवणीला बाया लावल्या तरी खर्रा द्यावा लागते. मजुरी ठरते तवा तेही ठरते. लहान पोरं बापासाठी आणता आणता शिकतात.

माह्यं तोंड पुरं उघडत नव्हतं. दवाखान्यात सांगितलं की हे असंच चाललं तर पुढे घास जाणार नाही. घरी आलो, तर माह्या मुलीनं अंगणात पडलेल्या पन्न्या गोळा करून त्याइची माळ केली होती, खेळायले. त्या दिवशी काही सोडलं नाही. नंतर हळूहळू सोडलं. पहिले सकाळचा बंद केला, मग जेवणानंतरचा. सगळ्यात कठीण गेला पानठेल्यावरचा, कारण तिथं चार माणसं भेटतात. आता तिथं जातो, बडीशेप खातो, लोकं हासतात. हासू द्या.

पैशाचं म्हणाल तर दिवसाले दोन-तीन खर्रे, एकाचे तीस-चाळीस रुपये. हिशोब तुमचा तुम्ही करा. तोंड अजून पुरं उघडत नाही. सोडल्यावर सगळं पहिल्यासारखं होते असं कोणी सांगत असन तर ऐकू नका, आधीच सोडा.

मेहकर, जि. बुलढाणा

इथे येऊन "चुलीवरची भाकर, पाट्यावरचा ठेचा, परत निसर्गाकडे" असं लिहिणारे लवकरच येतील, म्हणून त्यांच्या आधी मीच लिहिते.

चूल परत आणणार नाही. माझ्या मायचे डोळे धुराने गेले नसते तरी छाती गेलीच होती. गॅसची टाकी महाग झाली की आमच्या गल्लीत अजूनही निम्मी घरं सकाळी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या पेटवतात, ती काही हौस नव्हे. मिक्सर ठेवला आहे, कपडे धुवायचं मशीन आहे आणि ते राहणार. ज्या साधेपणात पुरुष सुती सदरा घालतो आणि बाई तो हाताने धुते, तो ज्याचा त्याने धुवावा.

मी कमी केलं ते हे. एक, जेवणातले प्रकार. आमच्याकडे पाहुणा आला की वरण, भात, दोन भाज्या, पोळ्या, भजे आणि वर गोड पाहिजेच, नाही तर नाक कापलं जातं. आता एकच: ज्वारीची भाकर, अंबाडीची किंवा वांग्याची भाजी, जवसाची चटणी, कांदा. पाहुण्याला आधीच फोनवर सांगते. एक मामेसासरे नाराज झाले, बाकीचे दुसऱ्यांदा मागून खातात.

दुसरं, उन्हाळी वाळवण. प्रत्येक घर आपापल्या कुरडया, पापड, शेवया, सांडगे, मूगवड्या घालायचं. पाच-सहा डबे भरायचे, त्यातले दोन पुढच्या उन्हाळ्यात ढोरांना जायचे, आणि तोवर कंबर गेलेली. आम्ही पाच घरांनी वाटून घेतलं. कुरडया एकीच्या गच्चीवर, पापड दुसरीच्या अंगणात, सगळ्या मिळून लाटतो आणि ज्याला जेवढं लागतं तेवढंच घेऊन जातो. चीक शिजवताना गप्पा होतात, पोरं चीक चाटून खातात. मला विचाराल तर मन शांत व्हायला दुसरं काही लागत नाही. हो, शांत. पाच बायका एकदम बोलत असताना सुद्धा.

तिसरं, देवघरातले देव कमी केले. यावर वाद नको.

दर्यापूर, जि. अमरावती

मेहकरच्या ताईंना हात जोडले. मीही एक काटा काढतो. "फिल्टर फेका, माठ आणा" असं लिहिणाऱ्यांनी आमच्या खारपाणपट्ट्यात एक उन्हाळा काढावा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. काळी माती खोल, खालचं पाणी खारट. बोअर मारली तरी ते पाणी ना पिकाला ना पोटाला. माठ आमच्याकडेही आहे, पण त्यात काय ओतायचं हा खरा प्रश्न. नळ येत नाही तेव्हा आम्ही कॅन विकत घेतो. पावसाळ्यात छताचं पाणी टाकीत धरतो, सुरुवातीचे दोन-तीन पाऊस तसेच वाहू देऊन. टाकी अंधारी आणि घट्ट झाकलेली पाहिजे, नाही तर शेवाळ आणि डास. डाळ त्या पाण्यात लवकर शिजते, एवढं बायकोने लगेच सांगितलं.

ज्वारी मात्र मी परत आणली. आमच्या लहानपणी शेतात ज्वारी आणि घरात भाकर. मग कपाशी-सोयाबीन आलं, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी उरलीसुरली ज्वारी खाल्ली, कणसं खुडायला मजूर मिळेना. घरात राशनचा गहू आला. आता घराजवळच्या तुकड्यात अर्धा एकर पेरतो, कारण तिथे कुत्रा भुंकतो. पाखरं तरी खातातच. कडबा बैलांना. आईला शुगर आहे, तिला भाकर मानवते. पण भाकरी मोजूनच खायच्या असतात, ज्वारी म्हणजे औषध नाही, हे तिला पटवणं अर्धा एकर राखण्यापेक्षा कठीण आहे.

साकोली, जि. भंडारा

आमचं थोडक्यात. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात सोडलं. आधी केळी, मग वालाच्या शेंगा, भेंडी, दोडके, कुंपणावर कारली. बाजारात आता कांदे-आलू एवढंच घ्यायला जातो. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, गावाशेजारीच आहे, त्यामुळे मासे ताजे. फ्रीज बंद पडला तेव्हा दुरुस्त केला नाही. उन्हाळ्यात दूध नासते आणि सून बोलते, ती बोलणारच. पुढच्या वर्षी तिच्या मनाप्रमाणे होईल असं दिसते.

तिवसा, जि. अमरावती

मी पुण्यात नोकरीला होतो, आता गावातून काम करतो. मोझरीचा गुरुकुंज आश्रम आमच्याच तालुक्यात, तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये उभारलेला. त्यांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आमच्या गावात अजून रोज संध्याकाळी होते. बाबा जायचे, मी जायचो नाही.

पुण्यात असताना मोबाईलवर ध्यानाचं ॲप पैसे भरून घेतलं होतं. ते बेल वाजवायचं, मी त्याच मोबाईलवर बेल बंद करून बातम्या वाचायचो. गावात आल्यावर बाबांचे गुडघे दुखायला लागले, त्यांना सोडायला म्हणून मंदिरात जाऊ लागलो. मोबाईल घरी देवळीत ठेवून. बसणारे बहुतेक साठीच्या पुढचे, डास भरपूर, खंजिरी बेताल, आणि एक काकाजी नेमके शांततेच्या वेळी खोकतात. तरी तेवढा वेळ कोणी मला काही विचारत नाही. मला त्यातलं सगळं पटतं असं नाही. पण घरी येऊन जेवताना टीव्ही बंद ठेवणं त्यानंतर आपोआप जमायला लागलं, तो माझ्या बायकोने बंद केला आहे असं ती म्हणते.

दिग्रस, जि. यवतमाळ

दर्यापूरचे भाऊ, ज्वारी वर्षभर कशी ठेवता? आमच्या पोत्यांत श्रावणातच सोंडे (धान्यातले किडे) होतात.

दर्यापूर, जि. अमरावती

ताई, कडक ऊन द्यायचं, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. मग लगेच भरायची नाही, रात्रभर थंड होऊ द्यायची. गरम भरली की आत घाम धरते आणि तिथूनच कीड लागते. मध्ये मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला. कोठी भिंतीला टेकवू नका, खाली विटा द्या, नाही तर जमिनीची ओल चढते. जुनं धान्य पूर्ण काढून कोठी उन्हात तापवल्याशिवाय नवं टाकायचं नाही.

मेहकर, जि. बुलढाणा

कोठीत उतरून ती साफ कोण करते, तेही लिहा भाऊ.

दर्यापूर, जि. अमरावती

मीच जी. बायको वरून टॉर्च धरते आणि कोपरा राहिला म्हणून सांगते.