मदत हवी आहे: बाहिया दे लोस आंखेलेसला मित्रांना भेटायला जायचंय, पण बोट कुठे उभी करू?

नमस्कार मंडळी, आम्ही नवराबायको सध्या ३४ फुटी शिडाच्या बोटीवर मेक्सिकोतल्या कोर्टेझच्या समुद्रात आहोत, आत्ता मुक्काम सांता रोसालिया बंदरात. एक मित्र आणि त्याची बायको जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीने बाहिया दे लोस आंखेलेसला येतायत, हायवे सोडून वाळवंटातून साठ-पासष्ट किलोमीटर आत, आणि त्यांना वाटतंय आम्ही शनिवारी दुपारी तिथे हजर असणार म्हणजे असणारच. येताना बर्फ घेऊन या म्हणाले, फ्रिजची अवस्था त्यांना माहीत नाही!

अंतर सुमारे १२० सागरी मैल. मध्ये सान फ्रान्सिस्किटोला थांबायचं ठरवलंय, तिथपर्यंतच ७० च्या वर होतात म्हणून रात्री निघू. वारा दक्षिणेचा असला तर जाताना मजाच आहे, परतीचं नंतर बघू. पुढे साल्सिपुएदेसचा चॅनेल, नावाचा अर्थच 'निघता येत असेल तर नीघ', तिथे करंट उलटा मिळाला तर बोट जागची हलणार नाही असं ऐकलंय, तर भरतीचं टेबल बघून नेमकं कधी घुसायचं?

खरी अडचण नांगराची आहे. मित्र गावाजवळच्या किनाऱ्यावर तंबू टाकणार. रात्री डोंगरावरून पश्चिमेचा वारा कोसळतो, ज्याला तिथे एलेफांते म्हणतात, त्यामुळे सगळे सांगतात पुएर्तो डॉन हुआन या आडोशाच्या खाडीत आत जाऊन बसा. पण ते गावापासून पाच-सहा मैल, आणि आमच्या डिंगीला (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीला) साडेतीन हॉर्सपॉवरचं इंजिन. रोज ये-जा केली तर पेट्रोल संपेल नाहीतर कंबर मोडेल. गावासमोर रात्र काढलीये का कोणी? नांगराची चेन ५० मीटर आहे.

---

उत्तर: काढलीये, एकच रात्र, पुन्हा नाही काढणार. वारा जमिनीवरून येतो म्हणून लाट फारशी उठत नाही आणि माणूस बेसावध राहतो, पण झोत असा बसतो की अँकर सुटला तर बोट सरळ खाडीत. दुसरं म्हणजे तिथे मोठ्या भरतीला पाणी तीन मीटरच्या आसपास चढतं. ओहोटीला चार मीटर दिसलं म्हणून चेन कमी सोडू नका, चार अधिक तीन, अधिक बोटीच्या नाकाची उंची एक मीटर, असे आठ धरून त्याच्या पाचपट चेन म्हणजे ४० मीटर, आणि जोरात वारा आला तर तेही कमीच. दिवसा गावासमोर थांबा, जेवा-खा, संध्याकाळी उजेड असतानाच डॉन हुआनला जा. मित्रांनाच दोन रात्री बोटीवर घ्या की! साल्सिपुएदेसला करंट वायव्येकडे, म्हणजे तुम्ही जाताय त्याच दिशेने वाहत असतानाच घुसा, वारा करंटच्या विरुद्ध असेल तर नका जाऊ. आणि शनिवार वगैरे कबूल करू नका हो, १५ मेपासून वादळांचा सीझन धरतात, डिझेल-पाणी सांता रोसालियातच भरून घ्या.

---

धागाकर्ती: खूप आभार. मित्राला आत्ताच मेसेज टाकला की शनिवार ते मंगळवार यातला कुठला तरी दिवस. तो हो म्हणाला, बायको मात्र विचारतेय बोटीवर संडास कसा असतो. नवरा बर्फाचं बघतोय, मी चेन बाहेर काढून दर पाच मीटरला रंग लावायला घेतलाय.